साधी काच

"आता?" चष्मेवाल्याने विचारलं.

खुर्चीतल्या शिंप्याने नाकावरची चाचणीची जड फ्रेम सावरली आणि भिंतीवरच्या अक्षरांकडे डोळे बारीक करून पाहिलं. "हं, आता बरं. आधीपेक्षा पुष्कळच बरं."

नुकतीच सरकवलेली काच साधी होती, खिडकीला लावतात तशी, बिननंबरची. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे चष्मेवाला ती एकदा तरी धरायचा, आणि जो तिला "बरं" म्हणेल त्याच्या बाकीच्या उत्तरांवर फार विसंबायचा नाही. माणसं भिडस्त असतात. समोरचा एवढी खटपट करतोय, त्याचं मन कशाला मोडा, म्हणून न दिसलेलंही दिसलं म्हणतात. ही युक्ती त्याला वडिलांनी शिकवली होती.

"काका, माझं मन राखू नका. उद्या सुईत दोरा ओवायला मी येणार नाही तुमच्याकडे."

शिंपी ओशाळून हसला. "खरं सांगू? काडीचाही फरक नाही."

"मग असं बोला की."

नंबर निघाला, शिंपी गेला. गल्ल्याशी फ्रेमा पुसत बसलेली बायको मात्र फडकं हातात धरून तशीच राहिली. दुपारी दोघांना डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं.

चष्मेवाल्याला झालं होतं काय, हे सांगणंही अवघड. दुखत-खुपत काही नव्हतं. सकाळी जाग आली की आता हा अख्खा दिवस उचलायचा, एवढाच विचार यायचा. नातीला मांडीवर घेतलं तर तिचं वजन कळायचं, माया कळायची नाही, आणि या गोष्टीची त्याला मनातून भीती वाटायची. वर्षाच्या सुरुवातीला बायकोने ओढून दवाखान्यात नेलं. नैराश्य आहे, असं निदान झालं, गोळी सुरू झाली. दर भेटीत डॉक्टरीणबाई विचारायच्या, कसं वाटतंय? हा म्हणायचा, बरं आहे. मग तीच गोळी पुढे चालू.

आणि दुकानामागच्या खोलीत अण्णा होते. म्हणजे त्याचे वडील. जाऊन कैक वर्षं झाली होती, पण चष्मेवाल्याच्या लेखी ते तिथून उठलेच नव्हते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मागे खुर्ची कुरकुरायची. वर्तमानपत्र सरळ केल्याचा आवाज यायचा, पान उलटल्याचा मात्र नाही. अण्णांनी शेवटची सगळी वर्षं त्या खुर्चीत, तोंडापुढे वर्तमानपत्र धरून काढली होती. आई दाराशी चहा ठेवायची आणि गार झालेला उचलून न्यायची. कुणी विचारलं तर आतून आवाज यायचा, "बरं आहे." त्या काळी याला आजार म्हणत नसत. स्वभाव म्हणत.

"अहो," बायको म्हणाली, "शिंपीकाका शेवटी बोलले ते डॉक्टरीणबाईंकडे कोण बोलणार?"

"काय?"

"काडीचाही फरक नाही, हे. दर वेळी साधी काच बघता आणि बरं म्हणून येता."

त्याला राग आला. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं होतं. "ती पोरगी एवढं मनापासून विचारते. नाही म्हटलं तर तिला काय वाटेल?"

"आणि मला?" बायकोने फडकं घडी करून बाजूला ठेवलं. "सासूबाईंनी जन्मभर त्या दाराशी चहा ठेवला. मी नाही ठेवायची. आत्ताच सांगते."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे हसून विचारलं, "काय, कसं काय? गेल्या वेळेपेक्षा बरं?"

"ब..." त्याच्या जिभेवर ते शब्द तयारच होते. वडिलोपार्जितच म्हणायचे. बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही, खिडकीबाहेर पाहत राहिली. ते पाहून त्याला आई आठवली.

"नाही," तो म्हणाला. "काडीचाही फरक नाही. पहिल्यापासूनच नव्हता. गोळी रोज न चुकता घेतो, पण फरक नाही."

बोलून झाल्यावर तो बाईंची माफी मागणार होता, तेवढ्यात त्यांनीच पेन उचललं. "बरं झालं सांगितलंत. मी समजत होते, हीच गोळी लागू पडतेय."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"मला कशाला? पहिलं औषध पुष्कळांना लागू पडत नाही." त्या समजावू लागल्या. याच गोळीची मात्रा वाढवता येते. हिच्या जोडीला दुसरी देता येते. किंवा वेगळ्या जातीचं औषध घ्यायचं, पण जुनं एकदम तोडायचं नाही, हळूहळू कमी करत आणायचं. रक्त एकदा तपासू, थायरॉईडमुळेही असं होतं. शिवाय आठवड्यातून एकदा कुणाशी तरी बोलायला बसायचं, तोही उपचारच. "तुमच्यात इतक्या दिवसांत काहीच हललेलं नाही, तर मी बदलूनच बघेन. गुण यायला काही आठवडे जातील. दुसरंही नाही लागलं, तर तिसरं आहे. जीव नकोसा वाटला, तर मात्र भेटीची वाट बघायची नाही, त्याच क्षणी फोन करायचा. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. आणि मग, "म्हणजे काचा बदलून बघायच्या."

"अगदी तसंच. फक्त दिसतंय की नाही, ते खरं सांगायचं."

नवी गोळी सुरू झाली. पहिले दिवस मळमळ, तोंडाला कोरड. पुढच्या भेटीत त्याने सांगितलं, "सकाळी किंचित हलकं वाटतं. संध्याकाळ तशीच." बाईंनी मान हलवून मात्रा थोडी वाढवली. उपकार केल्यासारखं कुणीच बोललं नाही.

त्या दिवशी परत आल्यावर तो मागच्या खोलीत गेला. खुर्चीजवळच्या खणात अण्णांचा चष्मा होता. त्यानेच बनवलेला. तेव्हा तो नुकता धंद्याला लागला होता. अण्णांची नजर तपासायला बसला आणि रीतीप्रमाणे आधी साधी काच सरकवली. अण्णा म्हणाले, "बरं आहे. हीच बसव." पोराला वाटलं, आपली परीक्षा चाललीय. तो पुढची काच हातात घेऊन थांबला, पण अण्णा फ्रेम उतरवून उठलेसुद्धा. युक्ती शिकवणाऱ्यालाच "तुम्ही खोटं बोलताय" असं कोण म्हणणार? त्याने तीच बसवली.

त्या चष्म्यातून अण्णांना वाचता येत नव्हतं. दिसतंय की नाही, याचंच त्यांना काही उरलं नव्हतं.

चष्मेवाल्याने त्या दोन काचा काढल्या. हातात घेऊन बराच वेळ बसला. डोळ्यांत पाणी आलं, तेही त्याने येऊ दिलं. मग स्वतःच्या नंबरच्या काचा घासून त्याच फ्रेममध्ये बसवल्या, चष्मा घातला आणि अण्णांच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र उघडलं.

पहिल्या पानावर कुठलासा पूल बांधून झाल्याची बातमी होती. वाचून त्याला काहीच वाटलं नाही. पण वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत.

बायको चहा घेऊन येत होती. तिची पावलं दाराशी येऊन थांबली.

त्याने पान उलटलं.