इंजिनाचं तोंड कॉन्व्हेंटकडे

सुटे डबे

हुग्गीचा गहू आदल्या दिवशी भिजत घालावा लागतो.

शाळेच्या ओसरीशी मे महिन्यातल्या कुठल्याशा लग्नाचा एक बांबू अजून उभा आहे. त्याला झेंडूची माळ, वाळून पापडासारखी.

'गाडीत विडी ओढू नये.' हे पुसा. लहान मुलांची शाळा आहे.

ज्योतीचा पुढचा दात पडला. तिने तो कौलांवर फेकला. तो गडगडत परत खाली आला.

बैलांच्या शिंगांचा रंग आणि भिंतीचा रंग एकाच दुकानात मिळतो. भिंत मान हलवत नाही, एवढाच फरक.

कॉन्व्हेंटची पिवळी गाडी उलटी मागे येताना एक गाणं वाजवते. मागल्या बोळातल्या सगळ्या पोरांना ते पाठ आहे. शब्द त्यांनी स्वतः घातलेत, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

'इंजिन कुठल्या बाजूला करू?' असं बाबूअण्णांनी कुणाला विचारलं नाही.

जोडणी

आता हे एकमेकांना जोडू.

हुबळीच्या केशवापुरातली ही सरकारी प्राथमिक शाळा म्हणजे खोल्यांची एक लांब ओळ. ओळीच्या एका टोकाला फाटक. दुसऱ्या टोकाला मागला बोळ आणि बोळापलीकडे, तीन वर्षांपूर्वी उभी राहिलेली, काचेच्या खिडक्यांची इंग्रजी शाळा. सगळे तिला नुसतं 'कॉन्व्हेंट' म्हणतात.

सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका श्यामलाबाई. राहतात रायापूरला, रोज चिगरी बसने हुबळीत येतात. मुलं त्यांना अक्कोर, म्हणजे बाई, म्हणतात, मुलांचे आईबापही अक्कोर म्हणतात, आणि घरी नवरासुद्धा चिडला की अक्कोर म्हणतो.

मे संपत आला की सरकारी शाळांत लगबग सुरू होते. टाकी धुवायची, वर्ग झाडायचे, पुस्तकांचे गठ्ठे ऑटोत घालून आणायचे. पहिल्या दिवशी आंब्याच्या पानांचं तोरण, बैलगाडीतून नव्या मुलांची मिरवणूक आणि जेवणात काहीतरी गोड, बहुतेक हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर. यंदा त्यात आणखी एक गोष्ट होती. शिक्षण खात्याच्या साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, "पहिल्या दिवशी पहिलीत नवं मूल दिसलं नाही, तर यंदा पहिली उघडू नका, अक्कोर. मग मलाही काही करता यायचं नाही."

आणि पहिलीत अजून एकाही मुलाचं नाव नव्हतं.

पहिली नसलेली शाळा म्हणजे पुढल्या वर्षी दुसरीही नसलेली शाळा. श्यामलाबाईंची पहिली नेमणूक याच पहिलीवर झाली होती. त्यांनी त्या रात्री नवऱ्याला दोनदा चहा दिला आणि दोन्ही वेळा साखर विसरल्या.

म्हणून रंगाचं ठरलं. बाबूअण्णांचा जन्म रेल्वेच्या कारखान्यात डबे रंगवण्यात गेला होता. निवृत्त झाल्यापासून ते घरचं कपाट, शेजाऱ्याचं कपाट आणि एकदा शेजाऱ्याला न विचारता त्याची स्कूटर रंगवून मोकळे झाले होते. "अक्कोर, मी शाळेची रेल्वे करतो," ते म्हणाले. "हिला तुमची परवानगी आणि मला एक शिडी द्या."

श्यामलाबाईंनी दोन्ही दिलं आणि त्या प्रशिक्षणाला धारवाडला गेल्या.

परत आल्यावर

निळे डबे. प्रत्येक खिडकीखाली पांढरा पट्टा, सरळ, जणू ताणलेली दोरी. प्रत्येक दाराशी रंगवलेल्या पायऱ्या, इतक्या खऱ्या की एक शेळी त्यांवर चढायला जाऊन भिंतीला धडकली होती. स्वयंपाकघरावर 'भोजनयान'. एका दाराशेजारी, आगगाडीत असते तशी, विडीची सूचना. श्यामलाबाईंना भिंतीला हात लावावासा वाटला. त्यांनी लावला. बोट निळं झालं.

मग त्या ओळीच्या शेवटापर्यंत चालत गेल्या. शेवटची खोली त्यांचं ऑफिस. बाबूअण्णांच्या हिशेबाने हेडबाई म्हणजे इंजिन, त्यामुळे ऑफिसचं इंजिन झालं होतं: लाल, पिवळ्या पट्ट्याचं. आणि त्याचं तोंड, दिव्यासकट, ऑफिसच्या खिडकीसकट, मागल्या बोळाकडे. थेट कॉन्व्हेंटच्या दाराकडे.

ग्रूपवर, त्याच सकाळी

मल्लाप्पा, शाळा समितीचे अध्यक्ष: अक्कोर री, हे काय?

मल्लाप्पा: पोरं येणार फाटकातून. फाटकात त्यांना गाडीचं बूड दिसणार!

बाबूअण्णा: शेवटच्या डब्याला बूड म्हणत नाहीत.

मल्लाप्पा: गाडी आपली, रंग आपला, आणि निघाली कुठं? कॉन्व्हेंटला!

कुणीतरी: अय्यो.

कुणीतरी: फोटो छान आहे.

पद्मा: सरकारी गाडीच तिकडे चालली आहे म्हटल्यावर आम्ही पोरं इकडे कशाला चढवायची? (तीन हसरे चेहरे)

श्यामलाबाई: (काहीतरी लिहीत आहेत) (काहीतरी लिहीत आहेत) (गेल्या)

ते तीन हसरे चेहरे श्यामलाबाईंना लागले. पद्मा म्हणजे त्या गल्लीचं वजन. अमरगोळच्या बाजारात मिरची निवडायला बायका न्यायच्या, तर पद्मा नेते. बचत गटाचं बोलायचं, तर पद्मा बोलते. तिची मोठी मुलगी याच शाळेतून सातवी होऊन गेली. धाकटी ज्योती यंदा पहिलीच्या वयाची. पद्माची पोर जिथे जाईल तिथे गल्लीतली बाकीची पोरं जाणार, हे श्यामलाबाईंना माहीत होतं, कॉन्व्हेंटलाही माहीत होतं.

घाट

"अण्णा, फाटकाच्या बाजूला एक इंजिन काढा."

"नाही."

"का?"

"गाडीला मागे-पुढे दोन इंजिनं? ती घाटात, अक्कोर. कॅसल रॉकला जाऊन बघा. इथे सपाट जमिनीवर मी असलं काढलं तर माझ्याबरोबरचे लोक मला चहा पाजणार नाहीत."

"इथे घाटच आहे, अण्णा."

बाबूअण्णा शिडीवरून खाली उतरले. त्यांनी श्यामलाबाईंच्या तोंडाकडे बघितलं, मग रंगाच्या डब्यात बघितलं.

"लाल संपला," ते म्हणाले. "आणि काढलंच तरी मागचं इंजिन ढकलतं. म्हणजे गाडी आणखी जोरात कॉन्व्हेंटला जाईल."

शिडी धरून उभ्या मल्लाप्पांना हे ऐकून खोकला आला. ते बराच वेळ खोकत होते, म्हणजे हसत होते.

"पण तोंड तिकडेच का केलंत, अण्णा?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"तोंड तिकडेच असतं," बाबूअण्णा म्हणाले, आणि ब्रश धुवायला गेले.

प्रवासी

दुपारी श्यामलाबाई घरोघर फिरायला निघाल्या. पद्माचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

"या अक्कोर, बसा. गाडी लेट आहे का?"

"टोमणे मार, पण चहा दे."

पद्माने चहा दिला. हाताला मिरचीची धग होती म्हणून कप पदराने धरून दिला. "खरं सांगू? मोठीला तुमच्याकडे घातलं, तिचं चांगलं झालं. मी नाही म्हणत नाही. पण हिने इंग्रजी बोलावं असं मला वाटतं. माझ्यासारखं शिंकत जन्म काढू नये."

"आता आमच्याकडेही पहिलीपासून इंग्रजी आहे."

"आहे, ठाऊक आहे. पण त्यांच्याकडे गाडी आहे."

"आमच्याकडेही आहे."

"तुमची हलत नाही, अक्कोर!"

दोघी हसल्या. मग पद्माचा आवाज उतरला. "काल नेलं होतं हिला तिकडे. नाव विचारलं तिला, इंग्रजीतून. नंतर कन्नडमधून. नंतर त्या मॅडमनी चॉकलेट दाखवलं. हिने तोंड उघडलं नाही. ओठ असे दाबून बसली. दात पडल्यापासून घराबाहेर बोलतच नाही ही. त्या म्हणाल्या, पुन्हा आणा. पुन्हा नेईन."

दाराच्या फळीमागे एक फ्रॉक हलला. श्यामलाबाईंनी तिकडे बघितलं नाही. कपात बघत म्हणाल्या, "पद्मा, तुझ्या ज्योतीने आमची रेल्वे बघितली का गं?"

उत्तर पद्माने दिलं नाही. फळीमागून आलं, हाताआडून, दाताच्या फटीतून फुसफुसत:

"इंजिनात कोण बसतं?"

"मी बसते."

फ्रॉक थोडा पुढे सरकला.

"तुम्हाला चालवता येतं?"

पद्मा हसून लवंडली. "बघा! घरात कशी बोलते!"

श्यामलाबाईंनी खरं ते सांगितलं. "नाही गं. मी नुसती सह्या करते."

"मग कशाला बसता?"

शंटिंग

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनातून बाहेर आलं ते असं:

टेबल. त्याचा एक पाय तीन माणसांशी भांडला.

लोखंडी कपाट. मल्लाप्पा म्हणाले, "हे राहू दे, अक्कोर, पहिलीची पोरं चढतील." श्यामलाबाई म्हणाल्या, "म्हणूनच काढायचं."

घड्याळ, चालू. पंखा, बंद. थोर माणसांचे फोटो, पुसून.

"म्हणजे पहिली इंजिनात?" मल्लाप्पांना अजून पटत नव्हतं. "आणि हेडबाई?"

"शेवटच्या डब्यात. भोजनयानाशेजारी."

"साहेब आले तर? हेडबाई गार्डाच्या जागी, आणि इंजिनात बारकी पोरं! गाडी कोण चालवतंय म्हणतील."

"खरंच कोण चालवतं हो, मल्लाप्पा? पहिली नसेल तर मी काय चालवू?"

मल्लाप्पांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि टेबलाचं दुसरं टोक धरलं.

स्वयंपाक करणाऱ्या लक्कव्वाने नव्या ऑफिसच्या दारातून डोकं आत घातलं. "अक्कोर, आता फोडणीत शिंकत सह्या करायची सवय करा. आणि हुग्गीत वेलदोडा जास्त झाला, गूळ कमी झाला, असं भिंतीपलीकडून ओरडायचं नाही. आधीच सांगते."

बाबूअण्णांनी इंजिनाच्या खिडकीचे गज पुन्हा एकदा काळे केले. नंतर, कुणी न सांगता, खिडकीच्या आत एक उलटं खोकं आणून ठेवलं. बारक्या माणसाला बाहेर बघता यावं एवढं उंच.

सुटायची वेळ

बैलगाडी मल्लाप्पांच्या साडूची. बैलांची शिंगं एक लाल, एक हिरवं. एका बैलाचं दुसरं शिंग रंगवायचं राहिलं, कारण तो म्हणाला पुरे. फाटकाला तोरण. गल्लीभर ढोल. गाडी पद्माच्या दारापाशी थांबली.

पद्मा नवी साडी नेसून दारात, ज्योतीचा हात धरून. आजूबाजूच्या दारांत बाकीच्या बाया, आपापल्या पोरांचे हात धरून, पद्माकडे बघत.

"मी हुग्गी खायला येते आहे," पद्मा म्हणाली. "नाव घालायचं नंतर बघू."

"ये की. हुग्गीला नाव घालावं लागत नाही."

ज्योती गाडीत चढली. ओठ दाबलेलेच. फाटकातून आत शिरल्यावर तिने तो शेवटचा डबा बघितला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. आणि ती बैलगाडीतून उतरली आणि पळत सुटली, निळ्या डब्यांच्या कडेने, सगळ्या पायऱ्या, सगळे पट्टे मागे टाकत, ओळीच्या टोकाला. मागे शाळेतली मोठी पोरं. त्यांच्या मागे एक ढोलवाला, कारण त्याला वाटलं मिरवणूक तिकडे चाललीय.

श्यामलाबाई धापा टाकत पोचल्या तेव्हा इंजिनाच्या खिडकीत गर्दी झाली होती. ज्योती खोक्यावर उभी, दोन्ही हातांनी गज धरून.

बोळात कॉन्व्हेंटची पिवळी गाडी आली. मागे येताना गाणं वाजू लागलं. गाडीतल्या पोरांनी काचेला नाकं लावली. समोर लाल इंजिन, त्याचा दिवा, त्याची खिडकी, आणि खिडकीत जिवंत ड्रायव्हर.

ज्योतीने तोंड उघडलं.

सगळं उघडलं, दाताच्या खिंडीसकट. "कूऽऽऽ!" ती ओरडली. खिंडीतून अशी शिट्टी निघाली की पिवळ्या गाडीच्या ड्रायव्हरने खरोखर ब्रेक दाबला. "बाजूला व्हाऽऽ! गाडी येतेयऽऽ!" आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, मग नुसतीच शिट्टी. पिवळ्या गाडीतली पोरं हात हलवू लागली. एक टाय लावलेला मुलगा रडू लागला, त्याला इंजिनात यायचं होतं.

पद्मा इंजिनाच्या दारात उभी होती. किती वेळ, कुणी बघितलं नाही. ढोलवालाही थांबला होता.

"ज्योती, चल, हुग्गी," तिने हाक मारली.

"मला वेळ नाही!" ज्योती म्हणाली. मागे वळून न बघता, सगळ्यांसमोर.

पद्माने पदर तोंडाला लावला. मिरची नव्हती, काही नव्हतं, तरी नाक ओढलं. मग श्यामलाबाईंना म्हणाली, "कुठं सही करायची ते सांगा. आणि अक्कोर, इंग्रजीचं विसरू नका हं. मी दर आठवड्याला येऊन विचारणार."

"विचार. मी शेवटच्या डब्यात असते."

पद्मा व्हरांड्यात आली. गल्लीतल्या बाया फाटकापाशी थांबल्या होत्या. तिने नुसती मान हलवली. पोरांचे हात सुटले.

जेवणं चालू असताना साहेबांचा फोन आला. भोजनयानाच्या शेजारी श्यामलाबाईंना आपलाच आवाज ऐकू येत नव्हता. त्यातून लक्कव्वाने पलीकडे फोडणी टाकली.

"पहिलीत कुणी आहे का, अक्कोर?"

श्यामलाबाई शिंकल्या. "इंजिन भरलंय, सर."

"काय भरलंय?"

"पहिली, सर. पहिली."

लक्कव्वा भिंतीपलीकडून ओरडली, "गूळ कमी झालाय का?"

"नाही!" श्यामलाबाई ओरडल्या.

"मला म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

मागे राहिलेला एक डबा

बाबूअण्णा या शाळेत चौथीत असताना मागल्या बोळापलीकडे मोकळं माळरान होतं आणि आज इंजिनाची आहे त्या खिडकीतून रेल्वेची लाईन दिसायची.