एकरी पन्नास टन

सयाजी सांगलीला आला तो लेकीच्या, राजनंदिनीच्या हट्टापायी. ऊस संशोधन संस्थेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत तो चपला बाहेर काढून शिरला आणि दाराजवळच्या स्टुलावर बसला. त्याची बायको शालूबाई असती तर तीच आली असती. राजनंदिनीला कॉम्प्युटर शिकवायचं तिनंच ठरवलं होतं. गेल्या दिवाळीआधी ती गेली.

राजनंदिनीनं एक प्रोग्राम लिहिला होता. शास्त्रीय लेखाची फ्लॉपी आत घातली की तो तक्त्यातल्या बेरजा आणि भागाकार पुन्हा करून बघायचा. जुळलं नाही की तिथंच थांबायचा. आज तो संपादकांना पसंत पडला, तर संस्थेच्या मासिकात येणारा प्रत्येक लेख आधी तिच्या हातून जाणार होता. नाही पडला, तर वर्षभराची मेहनत पाण्यात.

संपादक डॉक्टर लालासाहेब यांनी स्वतःचीच फ्लॉपी पुढं केली. "माझाच लेख घे. छापायला निघालाय."

नव्या पद्धतीच्या लागणीत एकरी पन्नास टनांवर ऊस निघतो, असा तो लेख होता. थोड्या वेळानं मशीन टुंग वाजलं. क्षेत्राची बेरीज जुळत नव्हती. एक तुकडा १.३०, दुसरा १.२०, लेखात एकूण ३.१०. प्रोग्राम म्हणत होता २.५०.

लालासाहेब मोठ्यानं हसले. "अगं, हे एकर-गुंठे हायत! तीस न् वीस पन्नास गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हंजे एकर न् दहा गुंठे. शेतकऱ्याची लेक ना तू? मशीनला एवढंबी शिकवलं न्हाईस व्हय?"

दारात उभा असलेला शिपाईसुद्धा हसला. सयाजीची मान खाली गेली. सरांची बेरीज बरोबर होती. पोरीनं आता मुकाट्यानं फ्लॉपी काढून द्यावी, असं त्याला वाटलं.

राजनंदिनी पडद्यावरच बघत होती. "सर, एकरी उतारा काढताना भागलं कशानं?"

"एकूण क्षेत्रानं. एकशे छप्पन्न टन भागिले तीन पॉइंट दहा."

"कॅल्क्युलेटरवर?"

"मग काय बोटावर?"

"पण दहा गुंठे म्हणजे पाव एकर, सर. तीन पॉइंट पंचवीसनं भागायला पाहिजे. बेरीज गुंठ्यांची आणि भागाकार दशांशाचा, दोन्ही एका आकड्यावर चालणार नाहीत. कुठलं चुकलं ते प्रोग्रामला कळत नाही. पण थांबला तो बरोबर जागी."

लालासाहेबांनी कॅल्क्युलेटर ओढला. बटणं दाबली. पुसून पुन्हा दाबली.

"अठ्ठेचाळीस," ते म्हणाले. "आयला! पन्नास पन्नास म्हणून मी गावभर सांगत सुटलोय की गं!"

त्यांनी लगेच छापखान्यात फोन लावून लेख थांबवला. मग शिपायाला म्हणाले, "आता हसू नगंस. आजपासनं सगळे लेख आधी हिच्याकडं. माझेबी." आणि दाराकडं वळले. "आवं पाहुणं, पोरगी कुणावर गेलीया?"

"आईवर," सयाजी म्हणाला. स्टुलावरून उठून त्यानं बाहेरच्या चपला पायात घातल्या.

संध्याकाळी विट्याच्या एसटीत गावचा बिराप्पा शेजारी येऊन बसला. "कुठं गेलावतास गड्या?"

सयाजीनं सांगायला सुरुवात केली. तासगाव मागं पडलं तरी तो सांगतच होता. बिराप्पा पेंगायला लागला.

"आरं, ऐक की! अजून भागाकार यायचाय."

शालूबाईनं एव्हाना त्याला कोपरखळी मारून गप्प केलं असतं. आता गप्प करणारं कुणी नव्हतं. त्यानं बिराप्पाला हलवून जागं केलं आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.