हळू बोल, रोवेना

रविवारी सकाळी रोवेना प्रूइट बाळाला पाजत होती आणि पाजता पाजता चर्चमध्ये द्यायचा संदेश म्हणून बघत होती. समोर तिचा नवरा आयझॅक हातात लाकडी चमचा घेऊन बसला होता. ती घाईला आली की तो टेबलावर चमचा आपटायचा.

"थांब. श्वास घे."

"घेतला."

"तो श्वास नव्हता, उचकी होती. पुन्हा म्हण. 'प्रिय मंडळी'. एवढंच. मग थांब."

"प्रिय मंडळी," रोवेना म्हणाली, थांबली, आणि पुढचं अख्खं पान एका दमात म्हणून मोकळी झाली.

आयझॅकने चमचा सिंकमध्ये फेकला. "मी हरलो. थॅड, तूच सांग तुझ्या आईला."

थॅडला सांगण्यासारखं काही नव्हतं. तो पोट भरून झोपला होता. दुपारच्या आत त्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता, तोही आईच्याच हातून.

तिचा तरी काय दोष? बोलणं हा त्या घराण्याचा धंदाच होता. तिचे वडील लीलंड आयुष्यभर गुरांच्या बाजारात लिलाव पुकारत आले. रोवेनाला फ्रॉकची लाज वाटायच्या वयात त्यांनी तिला आपल्या शेजारी उंच स्टुलावर बसवलं आणि श्वास न मोडता पुकारा कसा द्यायचा ते शिकवलं. मागल्या आकड्याचं शेपूट पुढच्या आकड्याच्या तोंडात द्यायचं, मध्ये फट ठेवायची नाही. फट राहिली की गिऱ्हाईक विचार करतं, आणि विचार करणारं गिऱ्हाईक हात खाली घेतं.

पुढे तिला देवाचं बोलावणं आलं. अभ्यास झाला, परवाना मिळाला आणि एल्डर क्रीकच्या छोट्या मेथडिस्ट चर्चची ती रविवारपुरती पाळकबाई झाली. पोट बाजारावरच चालायचं. गेल्या पानगळीत वडील गेले आणि बाजार सगळा तिच्या आणि भावाच्या, व्हर्ननच्या, अंगावर पडला. माईक अजून वडिलांच्या उंचीवर होता. तो खाली करायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. ती टाचा उंचावून पुकारायची. थॅड पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत तशीच पुकारत होती.

आता तिला एकच हवं होतं. येत्या जुलैपासून पूर्णवेळ पाळक व्हायचं. बाजार सोडायचा. आठवडाभर लोकांच्या घरी जायचं, आजाऱ्यांजवळ बसायचं, आणि थॅडला पाळणाघरात न टाकता बरोबर न्यायचं. ते द्यायचं की नाही हे भागातल्या चर्चांवर देखरेख करणाऱ्या डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट किलगोर यांच्या हातात होतं, आणि ते आज तिला ऐकायला येणार होते. कारण मंडळीतून एक तक्रार वर गेली होती: पाळकबाई गुणाच्या आहेत, पण बोलतात अशा की जणू मागे कुत्रं लागलंय. आज किलगोरसाहेबांची खात्री पटली नाही तर जुलैत दुसरा पाळक येणार, आणि रोवेना पुन्हा आठवडाभर गुरांत.

तक्रार खोटी नव्हती. मागल्या महिन्यात म्हाताऱ्या मिस्टर बर्डेटना माती देताना शेवटच्या प्रार्थनेत ती इतकी भरून आली की 'आमेन'च्या जागी तोंडातून लिलाव तोडायचं 'तीनवार!' निघालं. कबरीभोवतीची माणसं टोप्यांमागे तोंड लपवून हसण्याने थरथरली. बर्डेटांची विधवा, जिला गाव लग्नानंतरही मिस ओडेसाच म्हणायचं, नंतर तिचा हात धरून म्हणाली, "बरं झालं गं. चाळीस वर्षं त्याला कुणी घेईना. देवाने तरी घेतला."

हीच मिस ओडेसा पाळकाचं काम बघणाऱ्या मंडळीच्या कमिटीची प्रमुख होती. आज ती दारातच उभी होती, डोक्यावर पिवळी हॅट.

"पाळकबाई, साहेब आलेत. तिसऱ्या बाकावर. तोंडात पेपरमिंट धरून बोला, म्हणजे जीभ अडकेल."

"गिळलं तर?"

"तर साहेबांना दाखवायला काहीतरी होईल."

रोवेनाने पेपरमिंट नाकारलं आणि स्वतःला बजावलं: हळू. बाळ, बाप्तिस्मा, साहेब, जुलै; एवढं सगळं एका सकाळी, आणि वर ऊन असं पडलेलं की खिडक्यांचे रंग लोकांच्या गुडघ्यांवर सांडले होते. एवढ्या आनंदात माणसाने हळू बोलावं तरी कसं?

पण ती बोलली. एक वाक्य, श्वास. एक वाक्य, श्वास. संदेश असा निघाला की ओल्या गोठ्यातून म्हैस निघावी. दुसऱ्या बाकावरचे जुने शेतकरी घड्याळ बघायला लागले. व्हर्ननने, जो बाप्तिस्म्यासाठी कधी नव्हे तो कोट घालून आला होता, उघड जांभई दिली. किलगोरसाहेबांनी हातातल्या कागदावर काही लिहिलं नाही. चेहऱ्यावरही काही नाही.

मग बाप्तिस्मा आला.

"मी करू का विधी?" साहेबांनी आधी दोनदा विचारलं होतं. "तुम्ही आई म्हणून उभ्या राहा."

"नको साहेब. दोन्ही मीच करते."

ते वाटतं तितकं सोपं नव्हतं. पाळकाने विचारायचं आणि आईबापांनी उत्तर द्यायचं, असा विधी. रोवेना पाण्याच्या कुंडाच्या या बाजूला उभी राहून विचारायची, "तुम्ही या मुलाला श्रद्धेत वाढवाल का?" मग झगा सावरत पलीकडे आयझॅकजवळ जायची आणि म्हणायची, "हो, वाढवू." मग परत इकडे. दुसऱ्या फेरीला पोरं खिदळायला लागली. तिसऱ्या फेरीला मिस ओडेसा मोठ्याने पुटपुटली, "मधे बसस्टॉप ठेवा हो, एखादा चढेल."

त्या हशाने थॅड जागा झाला. आणि रडला. साधं रडणं नाही. नवं वासरू आईपासून तोडावं तसा आक्रोश. आयझॅकने थोपटलं, खांद्यावर घेतलं, आडवं धरलं. काही नाही.

आता मंडळीची पाळी होती. मेथडिस्टांत मूल एकट्या आईबापांचं नसतं. सगळ्या मंडळीला शब्द द्यावा लागतो की याला आम्हीही वाढवू. रोवेनाने प्रश्न विचारला. हळू, एकेक शब्द. रडण्यात तो बुडाला. मागच्या बाकांवरून कुणीतरी कानाला हात लावला.

"काय म्हणाल्या?"

तिने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, जरा लवकर. बाळाच्या दोन किंकाळ्यांच्या मधल्या फटीत प्रश्न बसवायचा होता, आणि ती फट लहान होत चालली होती. तिसऱ्यांदा विचारताना तिच्या घशात काहीतरी सुटलं, दावं सुटावं तसं.

"याला वाढवायला कोण कोण, सांगा कोण, आजारात याला बघायला कोण, शाळेतून याला आणायला कोण, चुकला तर कान धरायला कोण, तिकडे एक हात आला, दोन आले, मागच्या बाकावरून कोण, अहो मिस्टर टॅली टोपी हलवली, धरली मी, लिहून घेतली, आता दात येताना रात्र जागायला कोण, मिस ओडेसा आल्या, अजून कोण, अजून कोण—"

गुरांच्या बाजारात वाढलेली माणसं ती. हात आपोआप वर गेले. कुणी भुवई उडवली, कुणी बोट उचललं, कुणी जागेवरून उठून हॅट हलवली. व्हर्नन, ज्याची जांभई अजून पुरती मिटली नव्हती, सवयीने बाकांमधल्या वाटेत येऊन "इकडे एक! होय! इकडे!" म्हणून बोली दाखवायला लागला. किलगोरसाहेबांनी नाक खाजवलं.

"साहेबही आले!" रोवेना ओरडली. "साहेब याला बेसबॉल शिकवणार!"

थॅड गप्प झाला होता. डोळे मोठे करून आईच्या तोंडाकडे बघत होता. तिने त्याला घेतलं, ओंजळीने पाणी घातलं, पित्याच्या नावाने, पुत्राच्या नावाने, पवित्र आत्म्याच्या नावाने. आणि शेवटी, सगळं अंग आनंदाने फुटत असताना, तिचा हात कुंडाच्या काठावर आपटला.

"तीनवार!"

पाणी उसळून पहिल्या बाकावर गेलं.

मग मिस ओडेसाने ओली हॅट काढली आणि घुमली, "आमेन!" आणि मग सगळेच.

रोवेना मात्र झग्याच्या बाहीने कुंडाचा काठ पुसायला लागली. गेला जुलै, तिला वाटलं. गेला.

प्रार्थना आटोपल्यावर तळघरात जेवण मांडलं होतं: तळलेली कोंबडी, घेवड्याच्या शेंगा, मसाला भरलेली उकडलेली अंडी, तीन तऱ्हांचे गोड फ्रूट-पाय. किलगोरसाहेब प्लेट घेऊन तिच्यासमोर येऊन बसले. त्यांनी एक अंडं खाल्लं. मग दुसरं.

"पाळकबाई, तुमचा संदेश मला फारसा आवडला नाही."

"कळलं, साहेब."

"मला वाटलं झोप लागते की काय. कोणी सांगितलं एवढं हळू बोलायला?"

"तक्रार होती ना."

"एका माणसाची. त्याने कानातलं यंत्र घरी ठेवलं होतं, मघाशी त्यानेच कबूल केलं." साहेबांनी तोंड पुसलं. "ऐका. मला एल्डर क्रीकला पूर्णवेळ पाळक देता येणार नाही. हे चर्च लहान आहे."

रोवेनाने मान हलवली. थॅडचे मोजे सरळ करायला लागली.

"वाक्य पूर्ण करू द्या. टेकडीपलीकडे बेथेल आहे. तेही लहान. दोन्ही मिळून एक पाळक. इथे नऊला, तिथे अकराला, मधे ती घाटाची वाट. आजवर तीन पाळकांना विचारलं. तिघेही सावकाश, भारदस्त बोलणारे. अकराला पोचणं जमायचं नाही म्हणाले. बेथेलचे लोक मला विचारतात, आमचा पाळक येणार, की आम्हीच एकमेकांना सांगू? मला असं कुणीतरी हवंय की—"

"हो," रोवेना म्हणाली.

"मी अजून—"

"हो साहेब, जुलैपासून, दोन्ही, हो!"

"तीनदा झालं," साहेब म्हणाले आणि हसले. "विकलं."

व्हर्नन फ्रूट-पायच्या टेबलाशी होता. ती बाळ कडेवर घेऊन त्याच्याकडे गेली. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काटा खाली ठेवला.

"म्हणजे तुझ्या जागी पुकारायला टेनेसीच्या त्या माणसाला फोन करू?"

"कर. जूनअखेरपर्यंत मी बाजारात येते."

तो काही वेळ थॅडच्या ओल्या केसांवरून बोट फिरवत राहिला. "बाबा काय म्हणाले असते गं?"

वडील गेल्यापासून हा प्रश्न तिने कुणाला विचारू दिला नव्हता, स्वतःलाही नाही.

"म्हणाले असते, भाव चांगला आलाय. धरून बसू नको, सोड."

"असंच म्हणाले असते," व्हर्नन म्हणाला, आणि पाठ फिरवून फ्रूट-पायचा भलामोठा तुकडा कापायला लागला.

आयझॅक वरच्या रविवारशाळेच्या वर्गात बाळाची पिशवी आवरत होता. रोवेना दोन-दोन पायऱ्या चढत गेली आणि दारातूनच सांगायला लागली. त्याला 'जुलै', 'अकरा' आणि 'टेकडी' एवढेच शब्द हाती लागले.

"हळू," तो म्हणाला. "रोवेना, हळू. बेथेल? म्हणजे त्यांचं पाळकाचं घर असेल. आपल्याला तिकडे राहायला जायचं?"

"बहुतेक."

"किती खोल्या?"

"माहीत नाही."

"अंगण आहे? थॅडला?"

"माहीत नाही."

"छप्पर तरी?"

"आयझॅक, मी विचारलंच नाही," ती म्हणाली. तिला हसू आवरेना, आणि बाळ तिच्या कडेवर तिच्या हसण्याबरोबर हलत होतं. "मी नुसतं हो म्हणाले."

त्याने पिशवी खाली ठेवली. "चल मग," तो म्हणाला. "गाडी बाहेरच आहे. आत्ताच बघून येऊ."