मोबाइलचा कौल

दत्ताराम परबाने आयुष्यात कोणाची चोरी केली नव्हती. ओरोसच्या सरकारी कचेरीत अख्खी नोकरी काढली, पण टाचणीसुद्धा कधी घरी आणली नाही. तरी निवृत्तीनंतर तो स्वतःच्याच घरात चोरासारखा वावरत होता, कारण त्याच्या मोबाइलमध्ये हरिश्चंद्र होता.

हरिश्चंद्र खालच्या वाडीचा मानकरी आणि दत्ताराम वरच्या वाडीचा. या दोन वाड्यांमधून विस्तव जात नव्हता. रवळनाथाच्या पालखीला पहिला खांदा कोणी द्यायचा, यावरून एका जत्रेत जुंपली आणि त्यानंतर पालखी देवळाबाहेर निघालीच नाही. पुढे वरच्या वाडीने ठराव केला की जो खालच्या वाडीतल्या माणसाशी बोलेल त्याने देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांदेखत माफी मागायची, आणि त्याचा मान कायमचा गेला असं समजायचं. ठराव मोठा झोकात लिहिलेला होता. लिहिणार कोण? वाडीत कचेरीची भाषा येणारा माणूस एकच, दत्ताराम. आपल्याच हाताने विणलेल्या जाळ्यात माणूस कसा अडकतो ते बघायचं असेल तर कचेरीतल्या माणसाकडे बघावं.

हरिश्चंद्र त्याचा शाळेपासूनचा दोस्त. एकाच बाकावर बसून दोघांनी एकाच मास्तरांचा मार खाल्लेला. भांडण झालं आणि दोघं रस्त्यात समोरासमोर आले तरी आभाळाकडे बघत चालायला लागले. मग हरिश्चंद्राची बायको गेली. दत्तारामाला जाता आलं नाही. तो आपल्या काजूच्या बागेत कुंपणाआड उभा राहिला आणि खालून जाणारी माणसं बघत राहिला. त्या दिवशी त्याला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी कधीच वाटली नव्हती. संध्याकाळी त्याने मोबाइलवर दोन शब्द बोलून पाठवले, "माका येवक जमला नाय रे." बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "बघलंय तुका. कुंपणाकडे हुतंस."

तेव्हापासून रोजचं सुरू झालं. सकाळी एकाचा निरोप, दुपारी दुसऱ्याचा, कधी बोललेला, कधी टाइप केलेला. बांगडे कसे मिळाले, गुडघा कसा आहे, कुळथाच्या पिठीत आज मीठ जास्त पडलं, असल्या गोष्टी. वाड्यांच्या भांडणावर तर दोघं पोट धरून हसायचे. दत्तारामाने हे निरोप पुसायचं कितीदा ठरवलं, पण हात धजेना. दुपारी पडवीत आडवं व्हावं, मोबाइल कानाला लावावा आणि जुने निरोप पुन्हा ऐकावेत, यासारखं सुख त्याला दुसरं नव्हतं.

हरिश्चंद्राचा नंबर त्याने 'गॅस एजन्सी' या नावाने ठेवला होता. एक दिवस पुतण्या दत्तप्रसाद शेजारी बसलेला असताना मोबाइल वाजला.

"काका," पडद्यावर डोळे लावून दत्तप्रसाद म्हणाला, "गॅसवालो तुका 'गुडघो कसो आसा' म्हणान इचारता?"

"हल्ली तेंची सर्विस सुधारली हा," दत्ताराम म्हणाला, आणि घोटभर पाणी प्याला.

दत्तप्रसाद हा वरच्या वाडीचा वाघ. ठरावाची अंमलबजावणी करायची जबाबदारी त्याने स्वतःच स्वतःवर घेतली होती. मागे समर्थ नावाच्या एका पोराचा संशय आला, तर याने त्याचा मोबाइल घेऊन संगणकाला जोडला आणि आतलं सगळं बाहेर काढलं. समर्थाचं खालच्या वाडीतलं प्रेमप्रकरण वाडीभर झालं. दत्तारामाची झोप उडाली ती तेव्हापासून.

तो मालवणच्या बाजारात ब्रँडनच्या मोबाइलच्या दुकानात गेला. ब्रँडन डिसोजा माणूस सरळ. त्याने फोन उलटसुलट करून पाहिला. मुंबईच्या मुलाने वापरून दिलेला, चांगला जुना फोन होता.

"हेच्यात एन्क्रिप्ट करूची सोय आसा," ब्रँडन म्हणाला. "आतला सगळा असा काय घुसळून टाकता की कुलपाचो नंबर घातल्याबिगर कोणाक कायच कळाचा नाय. मगे संगणकाक जोडा नायतर आणि कशाक जोडा."

"मगे कर तर!"

"थांबा हो. नवीन फोनात हा आपसूक येता. हो जुनो, हेच्यात आपणच करूचा लागता. बॅटरी भरलेली व्हयी, चार्जर लावलेलो व्हयो, तासभर तरी लागतलो. मधीच लाइट गेली आणि फोन बंद पडलो तर आतला सगळा जावक शकता."

सिंधुदुर्गात तासभर लाइट राहील असं छातीठोक सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

"आणि एकदा केला की माघार नाय," ब्रँडन पुढे म्हणाला. "परत उघडो करूचो तर फोन पुरो पुसूचो लागता. नंबर इसरलात तरी तीच गत. बघा इचार करून."

दत्तारामाने विचार केला. विचार करायची त्याला सवय होती; कचेरीत एकेका फाइलवर त्याने वर्ष वर्ष विचार केला होता. कुलूप घालावं तर लाइट जाईल आणि हरिश्चंद्राचा आवाज कायमचा पुसला जाईल. न घालावं तर दत्तप्रसाद आज ना उद्या फोन उचलणार आणि मान जाणार, वाडी जाणार, हरिश्चंद्रही जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. जेवणावरची वासना उडाली तशी बायको तुळसा कातावली. घरात तिला एकटीलाच सगळं ठाऊक होतं.

"इतक्या कसला घेवन बसलासा? देवाक कौल लावा नि मोकळे व्हा," ती म्हणाली.

यात तुळसेचं काही चुकलं नाही. या गावात मुलीचं लग्न, विहिरीची जागा, पोटाचं ऑपरेशन, सगळं रवळनाथाला विचारून होतं. गुरव देवाच्या अंगावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि पाकळी पडायची वाट बघतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ज्या देवाने ऑपरेशनं ठरवली त्याला मोबाइल काय जड होता?

दुपारची सामसूम बघून दत्ताराम देवळात गेला आणि बघतो तर काय, दत्तप्रसाद वाडीतली पाच-सहा माणसं घेऊन सभामंडप झाडत होता. परतावं तर संशय येणार. दत्ताराम पुढे झाला आणि परशुराम गुरवाच्या कानाशी लागला. गुरव दोन्ही वाड्यांचा, त्याला कोणाशी बोलायची बंदी नव्हती, आणि पोटात गोष्ट ठेवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"मोबाइलाक कुलूप घालू काय नको, इतक्याच इचार," दत्ताराम कुजबुजला.

परशुरामाने तेवढंच विचारलं. दोन्ही पाकळ्या देवाला चिकटून राहिल्या. बराच वेळ गेला. एकही हलेना.

"देवाक अर्धा सांगलास," गुरव हळूच म्हणाला. "कुलूप कोणापासून, कित्याक, ता नको सांगूक? देवापासून लपवून देवाकच इचारतास?"

आता आलोच आहोत तर, म्हणून दत्तारामाने सगळं गुरवाच्या कानात ओतलं. कुंपण, गॅस एजन्सी, समर्थाचा फोन, काहीएक राखलं नाही. सांगताना तो एकच गोष्ट विसरला होता. परशुराम माणसांशी कुजबुजायचा, पण देवाशी बोलायचा त्याचा आवाज एकच होता, आणि तो त्याच्या बापाकडून, आज्याकडून आलेला होता. गुरवाने हात जोडले, डोळे मिटले आणि देऊळ दणाणून सोडलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

गाऱ्हाणं सुरू झालं की देवळात असेल त्याने हातातलं काम टाकून उभं राहायचं आणि साथ द्यायची, ही रीत. दत्तप्रसादाने केरसुणी टाकली, हात जोडले. बाकीच्यांनीही जोडले.

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो तुझो लेकरू दत्ताराम तुझ्या पायाकडे इलो हा!"

"व्हय म्हाराजा!"

"खालच्या वाडयेचो हरिश्चंद्र नि ह्यो, दोघय लहानपणाचे सोबती. वाडयेन बोलणा बंद केला, तरी हेंच्यान रवावला नाय!"

"व्हय म्हाराजा!"

दत्तारामाने डोळे घट्ट मिटून घेतले. मागच्या माणसांच्या तोंडून होकार निघत होता तो जिभेच्या सवयीने. कानांपर्यंत अजून काही पोचलं नव्हतं. गाऱ्हाण्यात शब्द कोण ऐकतो? गुरव थांबला की ओरडायचं, एवढंच लहानपणापासून ठाऊक.

"चोरून मारून, गॅसवाल्याच्या नावान, दोघांनी मैत्री सांभाळली!"

"व्हय म्हाराजा!"

"ती तशीच सांभाळ! मोबाइलाक कुलूप व्हया काय नको, ता तू सांग! जो कोण हेंच्या मदी येत, तेका तू बघून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असं सगळ्यांत मोठ्याने दत्तप्रसाद ओरडला, आणि मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

डावी पाकळी टपकन पडली.

"कुलूप नको," गुरव नेहमीच्या आवाजात म्हणाला आणि तीर्थाची पळी भरू लागला.

माणसापुढे दिलेला शब्द फिरवता येतो. वकील त्यासाठीच असतात. देवापुढचा 'व्हय म्हाराजा' मागे घ्यायची सोय रवळनाथाच्या दरबारात नाही. आणि जो मध्ये येईल त्याला बघून घ्यायचं साकडं तर दत्तप्रसादाने स्वतःच घातलं होतं. त्याने केरसुणी उचलली आणि आधी झाडलेलीच जागा पुन्हा झाडायला घेतली.

दत्ताराम घरी आला तो हवेत तरंगत. ठराव मोडला होता आणि मोडणाऱ्यांत वाडीचा वाघ पहिला होता. जत्रा जवळ आली होती, तेव्हा दोन्ही वाड्यांनी बसून पालखीचंही मिटवून टाकावं असं ठरलं. हरिश्चंद्राने उत्साहाने निरोप पाठवला, "काळजी करू नको. मिया आसय."

बैठक सभामंडपात भरली. दोन्ही वाड्या समोरासमोर बसल्या, आणि मिटवायला बसलेली माणसं नेहमी करतात तेच करू लागली, म्हणजे जुनं सगळं उकरून काढू लागली. आवाज चढले. पहिला खांदा आमचाच, असं दत्तप्रसाद सतराव्यांदा सांगत होता, तेवढ्यात हरिश्चंद्र उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कोणाचं वाईट चिंतायचं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

"कित्याक भांडतास?" तो म्हणाला. "तुमचोच मानकरी काय म्हणता ता ऐका. इतक्या मोठ्या मनाचो माणूस गावात दुसरो नाय."

आणि त्याने आपला मोबाइल उंच धरून आवाज मोठा केला.

दत्तारामाचा आवाज सभामंडपभर घुमला. "अरे, पयलो खांदो तुमीच घेवा रे! आमच्या वाडयेत खांदो देवक रवलो कोण? अर्धे मुंबयक, अर्धे अंथरुणात. आणि आमचो दत्तप्रसाद! तेका पालखी सोड, सिलिंडर उचलूक माणूस लागता!" मागोमाग दत्तारामाचं हसणं, बराच वेळ, अगदी खोकला येईपर्यंत.

खालची वाडी हसून लोळली. वरच्या वाडीने एकदम मान वळवून दत्तारामाकडे पाहिलं. त्याचा स्वतःचा मोबाइल खिशात होता, आणि कौल लागल्यापासून तो त्याला तळहाताच्या फोडासारखा जपत होता. आपण बोललेलं सगळं समोरच्याच्याही मोबाइलमध्ये जाऊन बसतं, ही गोष्ट इतकी सोपी होती की ब्रँडनने सांगितली नव्हती, देवाने सांगितली नव्हती आणि कचेरीत विचार करण्यात हयात घालवलेल्या दत्तारामाला ती सुचली नव्हती.

पालखी निघाली. पहिला खांदा खालच्या वाडीने दिला. वरच्या वाडीच्या मानकऱ्याने आपल्या तोंडाने दिलेला मान नाकारणार कोण? दोन्ही वाड्या पुन्हा बोलू लागल्या, सोयरिकीची बोलणी निघाली, समर्थाचंही जमलं. फक्त दत्तारामाशी वरच्या वाडीत कोणी बोलेना. त्यासाठी ठराव करावा लागला नाही, कोणी सही केली नाही. दत्तप्रसाद अंगणातून जाताना आभाळाकडे बघू लागला.

हरिश्चंद्राचे निरोप येत राहिले. दत्तारामाने ते उघडले नाहीत. तो पडवीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. राग कोणाचा म्हणावा तर तोही धड सांगता येत नव्हता. शेवटी तुळसेनेच मोबाइल उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"आइका तरी, तो काय म्हणता ता."

त्याने ऐकलं. हरिश्चंद्राचा आवाज घोगरा झाला होता. "दत्ता, रागावलंस रे? माका वाटला, तुझा मन कितक्या मोठा ता सगळ्यांका कळांदे. माझी अक्कल खंय गेली हुती देवाक म्हायत. काय तरी बोल. गाळी घाल, पण बोल."

दत्तारामाने मोबाइल तोंडाशी नेला, अंगठा दाबून धरला आणि सुरुवात केली, "शिरा पडली तुझ्या तोंडार..." आणि थांबला. अंगठा सोडला. हाही निरोप तो कोणाला तरी कौतुकाने ऐकवेल. मोठ्या मनाचा आहे म्हणेल.

त्याने मोबाइल तुळसेच्या हातात दिला, चपला घातल्या आणि भर सकाळी, सगळ्यांच्या अंगणांवरून, खालच्या वाडीत गेला. हरिश्चंद्र पायरीवर बसून काजू फोडत होता. त्याच्यासमोर उभं राहून दत्तारामाने तोंड सोडलं. त्याच्या आईपासून सुरुवात केली, त्याच्या अकलेवर आला, मोबाइलवर आला, एकाच बाकावर बसून खाल्लेल्या मारापर्यंत मागे गेला. मालवणीत जेवढं येतं तेवढं सगळं काढलं. कुंपणांवर डोकी दिसू लागली. हरिश्चंद्र ऐकत होता, आणि त्याचा चेहरा फुलत चालला होता.

"अरे हळू, दत्ता, हळू," तो शेवटी म्हणाला आणि पायरीवर सरकून त्याने जागा केली. "लोक ऐकतत."

"ऐकूंदेत," दत्ताराम म्हणाला, आणि टेकला.