कमरेपाशी दुमडलेलं कापड

माझा नवरा शिंपी. लग्न झाल्यापासून माझा प्रत्येक ड्रेस तोच शिवतो आणि कमरेपाशी, आतल्या बाजूने, चार बोटं कापड दुमडून ठेवतो. "पोट वाढलं की नुसतं उसवायचं," असं म्हणायचा. मी लाजायचे. पुढे लाजणं संपलं, पण कापड राहिलं. सासूबाईंचे टोमणे, नणंदेचे फुकटचे सल्ले, दवाखान्यातल्या सुया, सगळं मी त्या चार बोटांच्या जिवावर सोसलं.

आज सकाळी पुन्हा पाळी आली. बाथरूममधून बाहेर आले, तर माझं तोंड बघूनच त्याला कळलं. तो जाऊन मशीनवर बसला. काल त्याने नवा ड्रेस शिवून टांगला होता, तोच अंगात घातला. अगदी बेतशीर बसला. पण कमरेला नेहमीसारखं जाड लागेना. काढून उलटा केला, तर शिवणीलगतचं सगळं कापड कापून टाकलेलं!

माझं डोकंच फिरलं. "कापड कमी पडलं का?"

"नाही गं, भरपूर होतं." त्याने मशीनवरून मान वर केली नाही.

"मग?"

त्याचा पाय थांबला. "आता दुमडवत नाही मला."

मशीनखाली त्या कापडाच्या पट्ट्या पडल्या होत्या. मी खाली बसून एकेक वेचली आणि त्याच्या मांडीवर आपटली.

"अरे, डॉक्टरांनीसुद्धा अजून हात टेकले नाहीत!"