डावरी गाठ

दाराची कडी वाजली आणि दुपारची शांतता मोडली. नुकताच डोळा लागलेल्या ठकीनं कूस बदलली. मी तिच्या अंगावर पांघरूण ओढलं आणि चवड्यांवर चालत दाराशी गेले.

पोस्टमनकाका. हातात माझंच पार्सल. तीन आठवड्यांपूर्वी ताईच्या छोटीसाठी स्वेटर विणून पाठवला होता. आता पत्त्यावर काट मारून पेनानं लिहिलं होतं: इथे राहत नाहीत.

असं कसं, म्हटलं, आठ वर्षं त्याच घरात आहे माझी बहीण. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला. पत्ता बरोबर असेल तर आतलं काही गहाळ नाही ना, हे कळायला आधी पावतीवरचं वजन ताडून बघायचं, म्हणाले. आणि मगच पुन्हा पाठवायचं.

"बऱ्याचदा घरातलंच कोणीतरी असं लिहून परत देतं. नकोसा पाहुणा दारातूनच वाटेला लावावा, तसं." स्वतःच्याच विनोदावर हसत ते सही घेऊन गेले.

पण भावजी तर परवाच फोनवर म्हणाले होते, पार्सल मिळालं, स्वेटर अगदी मापात बसला. ताईला द्या म्हटलं, तर झोपलीय. दोन महिने झाले, मी फोन केला की ताई आपली झोपलेलीच.

ओट्यावरच्या काट्यावर पार्सल ठेवलं. पावतीवर चारशे ग्रॅम, इथे आठशेच्या वर. मग दोरीकडे लक्ष गेलं. ही गाठ माझी नव्हती. ताई डावरी, तिची गाठ भलतीकडून वळते, लहानपणी ती सोडवताना माझी नखं तुटायची. त्या अक्षरांची शाईसुद्धा डाव्या तळहाताखाली फरफटलेली. तिनंच उघडलं होतं, तिनंच बांधून परत धाडलं होतं.

गाठ सोडवत बसायला धीर नव्हता. कात्री चालवली.

वर स्वेटर, घडीही न मोडलेला. खाली छोटीचा जन्मदाखला, लसींचं कार्ड आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले तिचे लाल बूट. चिठ्ठी नाही. पुन्हा पुन्हा चाचपलं. ताईचं स्वतःचं असं काहीच नव्हतं.

तिला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"झोपलीय," भावजी म्हणाले. मी अजून हॅलोसुद्धा म्हटलं नव्हतं.

नवऱ्याला कळवलं, असशील तसा निघ, आपल्याला आत्ताच ताईकडे जायचंय. मी पिशवीत हाताला येईल ते कोंबू लागले.

ठकी कधी उठली कळलंच नाही. जमिनीवर बसून तिनं ते बूट आपल्या पावलांशेजारी लावून पाहिले होते.

"आई, हे छोटीचे आहेत ना?"

"हो गं सोने."

"मग ती काय घालून येणार?"