पाहुण्या संघाचं जेवण

अगुनी गावच्या मुलींचा संघ महिलांच्या राष्ट्रीय कपात उपउपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता, आणि अजून कुणाच्या बुटाला सामन्यातली माती लागली नव्हती. पहिल्या फेरीतला संघ घाटात गाडी बंद पडून तिथूनच परत गेला. दुसऱ्या फेरीतला क्लब हिवाळ्यातच मोडीत निघाला होता, फक्त कुणी कळवायचे कष्ट घेतले नव्हते. दोन्ही वेळा अगुनीच्या मुली नटूनथटून मैदानात उभ्या राहिल्या, रेफरीनं घड्याळ बघत ठरलेली वाट पाहिली, शिट्टी फुंकली आणि तीन-शून्य असं लिहून टाकलं. चहाच्या दुकानात बसणाऱ्या पुरुषांना तेवढंच हवं होतं.

"आपल्या पोरींना हरवेल असा संघ अख्ख्या अल्जीरियात नाही," एकजण म्हणायचा.

"बरोबर आहे. हरवायला आधी यावं लागतं ना!"

हे ऐकून बाकीच्या मुली हसायच्या. ताऊसला हसू यायचं नाही. ती संघाची कप्तान, वय तेहतीस, आणि उजवा गुडघा असा की पायऱ्या उतरताना आवाज करायचा. डॉक्टरांनी हिवाळ्यातच स्पष्ट सांगितलं होतं, एवढा मोसम खेळ, मग बूट कुणाला तरी देऊन टाक. अगुनीचा संघ लीगमध्ये नव्हता, वर्षाकाठी हा एक कपच काय तो. म्हणजे जे काही व्हायचं ते यातच.

आणि ताऊसला जे व्हायला हवं होतं ते फार मोठं नव्हतं. आईनं तिला एकदा, फक्त एकदा, खेळताना बघावं. सोळा वर्षं ती खेळत होती आणि सोळा वर्षं आई, जिला सगळा गाव मानानं न्ना वर्दिया म्हणायचा, मैदानाकडे फिरकली नव्हती. भांडण म्हणावं तर तेही नव्हतं. लेकीचे कपडे ती धुवायची, गुडघ्याला ऑलिव्हचं तेल कोमट करून चोळायची, पण चारचौघांत अर्धी विजार घालून पळणारी लेक बघायला आपण जायचं नाही, हे तिनं एकदा ठरवलं ते ठरवलं. बाईचा हट्ट डोंगरासारखा होता. डॉक्टरांचं बोलणं ऐकल्यावर मात्र ती तेल चोळता चोळता म्हणाली, "येते मग या वर्षी. बघू तरी काय असतं ते."

ती आली. पहिल्या फेरीला आली, दुसऱ्या फेरीलाही आली. दोन्ही वेळा तिनं काय बघितलं, तर आपली लेक ऊन खात उभी आहे आणि समोर कुणी नाही.

"यासाठी गुडघा घालवलास होय?" घरी जाताना तिनं विचारलं. टोमणा नव्हता त्यात, खरोखरच विचारत होती, आणि म्हणूनच ताऊसला जास्त लागलं.

तिसऱ्या फेरीची चिठ्ठी निघाली आणि सामना पुन्हा अगुनीतच आला. समोरचा संघ थेट वाळवंटातला, दक्षिणेतला. नकाशावर बघितलं तरी पाय दुखावेत इतक्या लांबचा. ताऊसनं कपाळाला हात लावला. घाटाखालचे आले नाहीत, ते वाळवंटातले कशाला येतात! प्रशिक्षक शेख अर्झकीनं तर आदल्या दिवशी मुलींना सांगूनही टाकलं, "उद्या फोटोपुरते केस नीट विंचरून या."

आणि शुक्रवारी सकाळी गावच्या चढावर एक धुळीनं माखलेली छोटी बस दिसली.

सगळा गाव बाहेर आला. बसमधून नऊ मुली उतरल्या. अकरा नाही, नऊच. दोघींच्या घरच्यांनी ऐन वेळी सोडलं नव्हतं. रात्रभर प्रवास आणि शेवटी आमच्या घाटाची वळणं, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे पिवळे पडले होते. त्यांची कप्तान मबारका, उंच, सावळी, गोलकीपर, सगळ्यात शेवटी उतरली आणि ताऊसचा हात हातात घेऊन म्हणाली, "माफ कर, उशीर झाला. पण आलो बघ."

ताऊसला तिला मिठी मारावीशी वाटली, आणि तिनं मारलीही. सामना दुपारी होता. अंग टाकायला जागा, थोडं पाणी, दोन खजूर, एवढ्यानं त्या ताज्यातवान्या झाल्या असत्या. आठ वर्षांच्या पोरालाही कळतं की सामन्याआधी पोट हलकं ठेवायचं असतं.

पण हे कळायला सामना ठाऊक असावा लागतो. गावाला पाहुणा ठाऊक होता.

आमच्या डोंगरात पाहुणा दारात आला की आधी ताट, मग चौकशी. त्याचं नाव विचारायच्या आधी त्याच्यापुढे काहीतरी ठेवलं जातं, आणि तो नको म्हणाला तर ते ऐकू येत नाही. न्ना वर्दिया बसपाशी सगळ्यात पुढे होती. घरची बोली डोंगरातली, तिला अरबी येत होती ती बाजारात तेल विकण्यापुरती, पण तेवढ्यावर तिनं नऊ मुली, त्यांचा प्रशिक्षक आणि ड्रायव्हर असे सगळे उचलून आपल्या अंगणात नेले. शेजारणी धावल्या. पहाटेच कुणीतरी बस घाट चढतेय असा निरोप दिला असणार, कारण कुसकुसची भांडी आधीच वाफेवर होती. जवाचं रवाळ कुसकुस, त्यावर वाळवलेल्या मटणाचा रस्सा, ओले घेवडे, वर तेलाची धार. सोबत ताक. मागून अंजिरं.

ताऊस दारात आली आणि ताटं बघून थेट आईकडे गेली.

"यम्मा, अगं हे काय? दुपारी त्यांना पळायचंय!"

"मग? उपाशीपोटी पळतील?"

"हलकं काहीतरी दे. फळ दे. हे एवढं मटण..."

"शू!" आईनं तिला कोपऱ्यात ओढलं आणि दबक्या आवाजात, पण डोळे वटारून म्हणाली, "पाहुण्यांचे घास मोजतेस? लाज नाही वाटत? लोक काय म्हणतील, वर्दियाच्या लेकीनं जिंकायसाठी पाहुण्यांना उपाशी ठेवलं?"

खाऊ नका म्हणावं तर डाव खेळल्यासारखं दिसतं, आणि खा म्हणावं तर सामना जातो. ताऊस मबारकाजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "पुरे झालं तर ठेव हं ताटात."

मबारका कसनुसं हसली. "तुझ्या आईनं माझ्या आईची शपथ घातलीय. आता कसं ठेवू?"

तिच्या ताटात मागून आणखी एक डाव कुसकुस पडलं. न्ना वर्दिया एकेकीच्या पाठीवर हात फिरवत होती, येतात तेवढे सगळे अरबी शब्द वापरत होती, आणि ते सगळे मिळून एकच वाक्य होत होतं, खा. त्यांचा प्रशिक्षक तर ढेकर देऊन दुसऱ्यांदा ताक मागत होता. त्यानं तरी नको म्हणायला नको का? पण त्याची गत मुलींहून वेगळी नव्हती. रात्रभर कोरडा पाव चावत आलेला माणूस तो, समोर असं ताट आल्यावर त्याला सामना कुठला आठवतो! आणि शेख अर्झकी? तो बाजूला बसून पाहुण्यांसोबत जेवत होता. घरच्या संघाच्या मुली तेवढ्या उपाशी. ताऊसनं बाहेर जाऊन भिंतीवर मूठ आपटली.

दुपारी ऊन चढलं. सामना सुरू झाला, आणि पहिली काही मिनिटं खरंच फुटबॉल झाला. त्या नऊ जणी जिद्दीच्या होत्या. एकीनं तर अगुनीच्या गोलखांबावर चेंडू आदळवला आणि बघणारे उठून उभे राहिले. ताऊसला त्या आवाजानंसुद्धा आनंद झाला. खेळ होता तो, शेवटी एकदाचा खेळ होता! तिनं मैदानाच्या कडेच्या बुटक्या भिंतीकडे बघितलं. आई नव्हती. पुन्हा बघितलं. नव्हती. मग ध्यानात आलं, ती घरी भांडी घासत असणार. एवढ्या पंगतीची भांडी तशीच टाकून वर्दिया कुठे जाणार नाही.

तेवढ्यात पाहुण्यांपैकी एक मुलगी मैदानाच्या मधोमध बसली. नुसती पोटावर हात धरून बसली आणि उठेना. तिला बाहेर नेलं. आठ राहिल्या. थोड्या वेळानं दुसरी कडेला जाऊन वाकली, आणि तीही परत आली नाही. रेफरी बाईंनी खेळ थांबवून दोन्ही कप्तानांना जवळ बोलावलं.

"सात आहेत तोवर खेळ चालेल," त्या म्हणाल्या. "सहा झाल्या की मला सामना संपवावा लागेल. नियम माझा नाही."

"आम्ही सात आहोत," मबारका म्हणाली. तिच्या ओठांवर घाम होता.

ताऊसनं जिजीला, मधल्या फळीतल्या तिच्या मैत्रिणीला, बाजूला घेतलं. "आता वेळ नाही. मिळेल तो चेंडू मला पुढे टाक. सरळ."

"गुडघा?"

"गुडघा मरू दे!"

आणि त्याच वेळी तिला भिंतीवर आईचा डोक्याला बांधलेला फुलांचा रुमाल दिसला. न्ना वर्दिया आली होती. ओले हात झग्याला पुसत, भिंतीवर नीट जागा करून बसली, आणि लेकीला शोधायला लागली. तिची नजर ताऊसवर येऊन थांबली. ताऊसला ते लांबूनही कळलं.

जिजीचा चेंडू आला तो अगदी हवा तसा. ताऊस धावली. गुडघ्यानं काय आवाज केला तो तिनं ऐकला नाही. आडवी आलेली बचावपटू दमली होती, ती मागे पडली. पुढे फक्त गोल आणि मबारका. आणि मबारका एका हातानं खांब धरून वाकली होती. तिचं डोकं खाली होतं, पाठ हिसके देत होती.

ताऊसनं ते बघितलं. बघितलं नाही असं ती नंतर कुणाला म्हणाली नाही. पण पायाशी चेंडू होता, भिंतीवर आई होती, आणि असा योग पुन्हा यायचा नव्हता. तिनं मारला. चेंडू मबारकाच्या बाजूनं सरळ जाळीत गेला आणि जाळी हलली. ताऊस दोन्ही हात वर करून भिंतीकडे वळली.

भिंतीवर आई नव्हती.

आई मैदानात होती. चपला रेषेबाहेर टाकून, रुमाल मागे सरकलेला, ताऊसची नजर चेंडूवर होती तेवढ्यात ती धावत गोलापाशी पोहोचली होती. एका हातानं मबारकाचं कपाळ धरून दुसऱ्यानं तिची पाठ चोळत होती. गोलाकडे तिची पाठ होती. आणि रेफरी बाई शिट्टी वाजवत पळत येत होत्या.

"गोल नाही!" त्या ओरडल्या. "चेंडू आत जायच्या आधीच मी शिट्टी मारलीय! या बाई कोण? मैदानात कशा आल्या?"

सगळ्या गावाला माहीत होतं त्या बाई कोण ते. मबारका गवतावर आडवी झाली आणि तिनं हातानंच सांगितलं, जमणार नाही. सहा उरल्या. रेफरी बाईंनी खांदे उडवले आणि पुन्हा एकदा तेच लिहिलं. तीन-शून्य. अगुनी उपांत्य फेरीत. तिथपासूनचे सामने राजधानीत, आणि गावाबाहेर पाऊल टाकायला वर्दिया मोकळी कधी असते? दोन बकऱ्या, आंधळी आत्या, ऑलिव्हची झाडं.

भिंतीवरच्या एका पोरानं टाळ्या वाजवल्या आणि बापाकडून टपली खाल्ली.

ताऊसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आईपुढे जाऊन उभी राहिली.

"तू का आलीस मैदानात?"

"ती पोर ओकत होती," न्ना वर्दिया म्हणाली. "आणि तू चेंडू मारलास, ताऊस? आपल्या घरी जेवलेल्या पोरीवर?"

"ओकायला कुणी लावलं तिला? मी? मी सांगत होते ना, घसा फुटेस्तोवर सांगत होते, नको एवढं वाढूस! तू शपथा घालून कोंबलंस! सोळा वर्षं, यम्मा, सोळा वर्षं मी म्हणतेय एकदा बघ, आणि तू एकदा आलीस ती पाठ करून उभी राहिलीस! तुझ्या कुसकुसनं माझा सामना खाल्ला!"

सगळं मैदान ऐकत होतं. न्ना वर्दियानं मबारकाचं डोकं आपल्या मांडीवर नीट घेतलं. मग खाली बघूनच म्हणाली,

"पहिले आले नाहीत. दुसरे आले नाहीत. मला वाटलं, हे आलेत, पण जरा टेकून, सामानसुमान बघून, हेही निघून गेले तर? तू परत तशीच उभी राहणार उन्हात." तिनं नाक पुसलं. "पोटात आपलं अन्न गेलं की माणूस उठून जात नाही. म्हणून वाढलं. जाऊ नयेत म्हणून वाढलं, पोरी. मला तुला बघायचं होतं."

ताऊसच्या ओठांवर आणखी बरंच काही होतं. सोळा वर्षांचं साठलेलं होतं.

"जिथपर्यंत पळालीस तिथपर्यंत बघितलं," आई म्हणाली. "चांगली पळतेस."

मबारकानं डोळे न उघडताच अरबीत विचारलं, "काय म्हणते तुझी आई?"

"काही नाही," ताऊस म्हणाली, आणि तिथंच गवतावर बसून बुटाची नाडी सोडायला लागली. आईचं चुकलं होतं, साफ चुकलं होतं, आणि तरी आता तिच्यावर नीट रागावताही येत नव्हतं. तिला सगळ्यात जास्त राग आला तो याचाच. नाडीची गाठ पडली होती. सुटत नव्हती.